ताटातील अन्न आणि बाटलीतील गोळी

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात खाडीच्या बाजूला गव्हाण हे गाव आहे. या पट्ट्यातील आगरी आणि कोळी कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यानपिढ्या भातशेती, मासेमारी आणि मिठागरे यांवर चालत आला. ताटात भात, तांदळाची भाकरी आणि मासळीचे कालवण असे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की सुकट व सुके बोंबील कामी येत आणि टाकळ्यासारख्या रानभाज्या उगवत. १९७० साली नवी मुंबईच्या उभारणीसाठी सिडकोची स्थापना झाली. पुढे या परिसरातील पुष्कळ शेतजमीन नव्या शहरासाठी गेली आणि शहराचा बाजार दाराशी आला. त्या बाजारात आता जीवनसत्त्वांच्या रंगीत गोळ्या आणि उंची वाढविण्याचे आश्वासन देणाऱ्या भुकट्याही मिळतात. आपल्या मुलांना काही कमी पडू नये, असे प्रत्येक आईबापास वाटते. म्हणून प्रश्न उभा राहतो : चौरस आहार घेणाऱ्या मनुष्यास अशा गोळ्यांची गरज आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर गव्हाणसारख्या गावाच्या तीन परिचित वस्तूंत सापडते : तांदूळ, मीठ आणि हिरवी भाजी.

प्रथम तांदूळ पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर क्रिस्तियान आइकमन नावाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध करीत होते. या रोगात हातपाय लुळे पडत. त्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांनाही तसाच विकार जडला. त्या कोंबड्या पांढराशुभ्र सडलेला भात खात होत्या. कोंड्यासह तांदूळ मिळू लागताच त्या बऱ्या झाल्या! रोगाचे कारण अन्नात काही नसणे हे होते. कोंड्याबरोबर ‘ब१’ हे जीवनसत्त्व फेकून दिले जात होते. या कार्याबद्दल आइकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. भारतातही १९१८ साली रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी कुन्नूर येथे एका खोलीत बेरीबेरीचे संशोधन आरंभिले. त्यातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. हातसडीच्या तांदळात हे सत्त्व बरेच टिकून राहते. जे अन्नातच असते ते आधी फेकून द्यावे आणि मग बाटलीतून विकत आणावे, यात शहाणपण कोणते?

परंतु सर्वच गोष्टी अन्नात पुरेशा असतात असे नाही. मिठाचे उदाहरण घ्या. मिठागरात समुद्राच्या पाण्यापासून मीठ पिकते. तरीही साध्या मिठात आयोडीन जवळजवळ नसते. प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढेसेही न मिळाल्यास गळ्यातील ग्रंथी सुजून गलगंड होतो. गर्भवती स्त्रीस आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. सागरी मासळीत आयोडीन असते. परंतु डोंगराळ प्रदेशात पावसाने ते मातीतून वाहून जाते व तेथील धान्यातही ते उतरत नाही. १९५६ पासून हिमालयातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी लोकांना आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिले. काही वर्षांत गलगंडाचे प्रमाण पुष्कळ घटले. १९६२ साली गलगंड निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. येथे बाहेरून घातलेले पूरक द्रव्य खरोखर आवश्यक ठरले.

तिसरी गोष्ट लोहाची. लोह कमी पडले की रक्त फिके होते. त्यालाच रक्तक्षय म्हणतात. अशी मुले लवकर थकतात. अभ्यासात त्यांचे लक्ष लागत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय आढळला. हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, मासळी व मांस यांतून लोह मिळते. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. मात्र वाढत्या वयात ही गरज नेहमीच्या जेवणातून भागेलच असे नाही. म्हणून शाळांतून दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यास एक निळी गोळी देण्याची सरकारी योजना आहे. तीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असते. ही गोळी जाहिरातीतील शक्तीची गोळी नव्हे; ती ठाऊक असलेल्या उणिवेवरचा मोजका उपाय आहे.

आणखी काही जणांना पूरक द्रव्ये लागतात. गर्भवतीस लोह हवे असते. दूध, अंडी, मासळी, मांस यांपैकी काहीच न खाणाऱ्यास ‘ब१२’ जीवनसत्त्व कमी पडते. ज्याच्या अंगावर ऊन पडतच नाही, त्याला ‘ड’ जीवनसत्त्व अपुरे पडू शकते. अशांनी काय व किती घ्यावे, हे डॉक्टरांनी तपासून सांगावे.

उरलेल्यांनी केवळ हौसेने गोळ्या घेतल्यास काय होईल? गरजेपेक्षा अधिक घेतलेले ‘क’ जीवनसत्त्व बहुतांशी लघवीवाटे निघून जाते, म्हणजे पैसाच वाहून जातो. ‘अ’ आणि ‘ड’ ही जीवनसत्त्वे मात्र शरीरात साठतात व अति झाल्यास अपाय करतात. लोहाच्या पुष्कळ गोळ्या लहान बाळाने खेळता खेळता गिळल्या तर त्याच्या जिवावर बेतते. शिवाय गोळीत सत्त्व असले तरी नाचणीच्या भाकरीतील चोथा, मुगातील प्रथिने आणि ताज्या मासळीची चव तीत कोठून येणार? शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि ती गावच्या बाजारात मिळते.

तेव्हा आधी ताट नीट भरावे, मग उणीव तपासावी आणि उणीव दिसेल तेथेच गोळी घ्यावी. गोळी ताटाला मदत करील. ताटाची जागा ती घेऊ शकणार नाही.

शब्दार्थ
चरितार्थ – उपजीविका. चौरस आहार – सर्व आवश्यक घटक असलेला आहार. पूरक – उणीव भरून काढणारे. चोथा – धान्यभाज्यांतील न पचणारा तंतुमय भाग.

स्वाध्याय
१. आइकमन यांच्या कोंबड्या आजारी का पडल्या व बऱ्या कशा झाल्या?
२. मीठ समुद्रातून मिळूनही त्यात आयोडीन का मिसळावे लागते?
३. शाळेतील निळी गोळी आणि जाहिरातीतील शक्तीची गोळी यांत कोणता फरक आहे?
४. आपल्या घरच्या एका दिवसाच्या जेवणाची यादी करा. त्यात लोह देणारे पदार्थ कोणते, ते लिहा.