मन घट्ट करून भीती जात नाही

छातीत धडधडते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि आता आपला शेवट आला असे वाटते, अशी कैफियत घेऊन आलेल्या ज्या रुग्णाच्या हृदयाचा आलेख, रक्तदाब, साखर आणि थायरॉईड या साऱ्यांच्या तपासण्या निर्दोष निघालेल्या असतात, त्याच्या मागे उभा असलेला नातलग माझ्या आधीच निकाल देऊन मोकळा होतो, आणि तो निकाल येवल्याच्या पेठेतला असो की आसपासच्या खेड्यातला, बहुधा एकाच साच्याचा असतो : "डॉक्टरसाहेब, याला काही झालेलं नाही; मनाचं दुखणं आहे; मन घट्ट कर म्हणावं." या निकालातील पहिले कलम खोटे, दुसरे अर्धे खरे आणि तिसरे निरुपयोगी आहे, आणि हे समजावण्यासाठी मला वैद्यकातील एखाद्या गहन ग्रंथाचा आधार लागत नाही, मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या क्रमिक पुस्तकातील दोन-तीन प्रकरणे त्यासाठी पुरेशी होतात.

प्रथम त्या खोट्या कलमाविषयी. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले होते की, संकटाची चाहूल लागताच शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते : ॲड्रिनलिन रक्तात उतरते, हृदयाची गती वाढते, स्नायू ताठरतात, पचनाचे काम थांबते. संकट समोर नसतानाही ही सज्जता झाली तर तिला आम्ही भीतीचा झटका म्हणतो. श्वास भराभर घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात व डोके हलके होते. तेव्हा रुग्णाला जे होते ते प्रत्यक्ष देहात होते, म्हणून "मनाचं दुखणं" हे दुसरे कलमही अर्धेच खरे. त्याला ढोंगी म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. त्याच वेळी रुग्णानेही हे ध्यानात ठेवावे की, असा झटका साधारणतः दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो, बहुधा अर्ध्या तासाच्या आत आपोआप ओसरतो, आणि त्याने निरोगी हृदय बंद पडत नाही.

आता तिसरे कलम, कारण खरा हट्टी गैरसमज तेथे आहे. मन हे आपल्या हुकमाचे ताबेदार आहे, आणि हुकूम पुरेसा कडक नसल्यामुळेच ते बंड करते, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मनाचा पुष्कळसा कारभार आपल्या इच्छेला न विचारता, केवळ शिकण्याने चालतो. मागावर बसलेल्या विणकराचे हात आणि पाय ज्या क्रमाने चालतात तो क्रम त्याला शब्दांत सांगता येईलच असे नाही, आणि आज्ञा करून तो विसरताही येत नाही. पचनावरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांच्या कुत्र्यांना अन्नाआधी एखादा आवाज वारंवार ऐकवला, तेव्हा पुढे नुसत्या आवाजानेच त्यांच्या तोंडाला लाळ सुटू लागली; तो कुत्र्यांनी घेतलेला निर्णय नव्हता. पाठ्यपुस्तके यास अभिजात अभिसंधान म्हणतात. १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या बालकाला पांढरा उंदीर दाखवीत असताना पाठीमागे कर्कश आवाज केला, तेव्हा ते बालक उंदरालाच नव्हे, तर सशालाही भिऊ लागले. प्रयोग आजच्या दृष्टीने क्रूर होता, परंतु भीती शिकली जाते आणि एका वस्तूवरून दुसरीवर पसरते, हे त्यातून दिसले. जी गोष्ट इच्छेने आली नाही ती इच्छेच्या जोरावर घालवू पाहणे व्यर्थ. किंबहुना अमुक विचार करूच नको असे मनाला बजावले की तोच विचार अधिक उसळी घेतो, हे डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या प्रयोगांनी दाखवले आहे.

पैठणीच्या व्यवसायातील चाळिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते; ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलला आहे. वैशाखातील दुपारी मनमाडला जाणाऱ्या गच्च भरलेल्या बसमध्ये त्यांना पहिला झटका आला, ते मध्येच उतरले आणि झाडाखाली बसताच त्यांना बरे वाटले. हे बरे वाटणेच घातक ठरले! ज्या कृतीने त्रास टळतो ती कृती पक्की होत जाते. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात, आणि आमच्या या गृहस्थांच्या मनाने त्या दिवशी जो धडा घेतला तो असा की, प्राण वाचले ते उतरल्यामुळे. पुढे बसने जाणे सुटले, मग आठवड्याचा बाजार, मग नवरात्रातील कोटमगावच्या जगदंबेच्या दर्शनाची रांग, आणि शेवटी दुकानाची गादी व घर एवढेच त्यांचे जग उरले. घरची मंडळी मला मोठ्या समाधानाने सांगत होती, "आता त्रास नाही हो, कुठे जातच नाहीत." मी त्यांना स्पष्ट सांगितले की, तुम्ही ज्याला आराम म्हणता तोच आजाराचा अंमल आहे.

तोवर उपचारांचीही रीघ लागून गेली होती. दंडात गंडा होता, दारातून उतारा ओवाळून झाला होता, मोबाइलवरील कोणा अनाम वैद्याच्या सांगण्यावरून अनशापोटी कसलासा काढा चालू होता, आणि खिशात मेव्हण्याच्या चिठ्ठीवर आणलेल्या अल्प्राझोलामच्या गोळ्या होत्या. या साऱ्यांनी गुण येतो असे त्यांचे ठाम मत होते, आणि ते त्यांना का वाटावे हे उघड आहे : जो झटका अर्ध्या तासात स्वतःहून ओसरणार, त्या अर्ध्या तासात तुम्ही गंडा कवटाळा की काढा घ्या, श्रेय त्यालाच जाणार. त्याहून वाईट असे की, गंड्याविना आपण वाचलो नसतो ही समजूत प्रत्येक वेळी दृढ होते, म्हणजे गंडाही पळवाटच ठरतो. गोळ्यांविषयी तर मी संतापाने लिहीत आहे. अल्प्राझोलाम हे अनुसूची एच-१ मधील औषध आहे, नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ते विकता येत नाही. त्याची सवय लागते, आणि दीर्घकाळ घेऊन ते एकाएकी बंद केल्यास आकडीसुद्धा येऊ शकते. दुसऱ्याच्या नावाची गोळी खिशात बाळगणे बंद करा. मात्र जे ती नित्य घेत असतील त्यांनी हा लेख वाचून ती आज रात्रीच सोडू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

मग उपाय काय? १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेने सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलाला आवडीचा खाऊ देत असताना पिंजऱ्यातला ससा प्रथम दूर ठेवला, मग तो थोडा थोडा जवळ आणला, आणि अखेरीस मुलगा सशाशी खेळू लागला. आज वर्तनोपचारात जे केले जाते त्याचे बीज यात आहे. आमच्या गृहस्थांना नाशिकच्या मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, औषधे त्यांच्या सल्ल्याने सुरू झाली, आणि जोडीला पायऱ्या ठरल्या : आधी आगारात उभ्या असलेल्या बसमध्ये बसून राहणे, मग कोटमगावपर्यंत, मग अंदरसूलपर्यंत, आणि सर्वांत शेवटी मनमाड. अट एकच, भीती चढली तरी ती ओसरेपर्यंत उतरायचे नाही. काही महिन्यांनी ते एकटे मनमाडला जाऊन आले. मध्यंतरी एकदा भीती पुन्हा उफाळली तेव्हा ते खचले होते. परंतु विझलेली प्रतिक्रिया काही काळाने पुन्हा डोके वर काढते हे पावलोव यांनीही पाहिले होते, आणि दुसऱ्या वेळी ती लवकर विझते. तेव्हा पुनरावृत्तीला अपयश मानू नये. मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या औषधांचा गुण दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "फरक नाही" म्हणून डबी फेकणाऱ्यांनी हेही वाचावे.

परंतु प्रत्येक धडधड मनाची असते, असा उलटा गैरसमज या लेखातून कोणी करून घेऊ नये. छातीत दडपण येऊन दरदरून घाम फुटणे, कळ डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, शुद्ध हरपणे, अथवा असा त्रास आयुष्यात प्रथमच होणे, यांपैकी काहीही असल्यास विचार करीत न बसता थेट रुग्णालय गाठावे. मधुमेही रुग्णाला थरथर व घाम सुटला तर साखर उतरलेली असू शकते. धडधडीसोबत वजन घटत असेल तर थायरॉईड तपासावे. रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यावर तो कापू लागला, भ्रमिष्ट बोलू लागला, तर ती तातडीची बाब आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडालेली, जेवणावरून आणि कामावरून मन उठलेले, कानी नसलेले आवाज येऊ लागलेले, बाळंतिणीचे वागणे अकस्मात पालटलेले, किंवा कोणी मरणाची भाषा करू लागलेले, यांपैकी एकही लक्षण घरात दिसल्यास त्या माणसाला एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलपात ठेवा, आणि त्याला उपदेश न करता त्याचे बोलणे ऐकून घेऊन डॉक्टरांकडे आणा. मारहाण करून भूत उतरवू म्हणणाऱ्याच्या हवाली तर त्याला मुळीच करू नका. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशी मारहाण हा गुन्हा आहे.

शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. तो मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. भीतीचा आजार बरा होण्याजोगा आहे, आणि रुग्ण लवकर आला तर लवकर बरा होतो. म्हणून घरातल्या कोणाला असा त्रास असेल तर एकदा शरीराची नीट तपासणी करून घ्या, ती निर्दोष निघाल्यावर महिनोन्महिने तपासण्यांचे कागद वाढवीत न बसता मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या, आणि "मन घट्ट कर" हा सल्ला मात्र कृपा करून त्याला पुन्हा देऊ नका.