बुधवारी नदीकाठानं

अगं, तुझा निरोप ऐकला. “ताई, आज चालायचं होतं गं, पण पायच ऐकेनात, पळूनच आले!” हे तू ज्या सुरात सांगितलंस ना, त्यात तक्रार थोडी आणि फुशारकी जास्त होती. रविवारचं लांब पल्ल्याचं धावणं अजून मांड्यांत ठणकतंय, आणि बाईसाहेब बुधवारी पुन्हा घड्याळाशी शर्यत लावून आल्या. मी रागावणार नाही. रागावल्यावर तू ऐकतेस असं कधी दिसलेलं नाही.

पण पायांना दोष देऊ नकोस, जागेला दे. तू चालायला गेलीस ती तुझी रोजची धावायची वाट. विद्यापीठातल्या कुठल्या झाडापाशी तुझा दुसरा किलोमीटर संपतो, कुठल्या वळणावर दम लागतो, सगळं तुला पाठ आहे. ‘मागच्या महिन्यात इथवर किती मिनिटांत आले होते?’ हा प्रश्न तिथं आपोआप पडतो, आणि एकदा पडला की चालणं संपलं. म्हणून चालायच्या दिवशी अशा ठिकाणी जा, जिथं तुझा मागचा एकही आकडा नाही. नवी वाट धर. जमलं तर नदीकाठची.

नदीकाठचीच का, तर टेकडीवर चढताना छाती धडधडते आणि उतरताना मांड्यांचा जीव जातो. म्हणजे विश्रांती राहिलीच बाजूला. नदीचा काठ बहुतेक सपाट असतो, पण पायाखाली एकसारखा कधीच नसतो. मुरूम, चिखल, दगड, घाटाच्या पायऱ्या, मध्येच गवत. तिथं मनात आणलंस तरी तुला सुसाट पळता येणार नाही. शिवाय चुकायची भीती नाही. जाताना नदी डाव्या हाताला असेल तर येताना उजव्या हाताला, बस.

आता तू म्हणशील, चालण्यानं मॅरेथॉन होते का? होत नाही. पण चालल्याशिवाय तू जानेवारीत मुंबईला सुरुवातीच्या रेषेवर धडधाकट उभी राहशील का, हा खरा प्रश्न आहे. धावताना प्रत्येक पावलाला दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि उतरताना अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार एका पायावर येतो. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, भार फार तर वजनाहून थोडा जास्त. आणि दम वाढतो काही आठवड्यांत, पण हाडं आणि टेंडन घट्ट व्हायला महिने लागतात. तुझं गाडं नेमकं इथंच अडकलंय. छाती म्हणते चल, आणि नडगी म्हणते थांब. चालायचा दिवस हा नडगीचा दिवस आहे.

जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन धावपटू १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावला होता. नंतर नवशिक्यांना शिकवताना त्यानं धावण्याच्या मध्येच ठरवून चालायला लावलं, आणि अशा रीतीनं मॅरेथॉन पुरी करणारी माणसं जगभर आहेत. ऑलिंपिकला गेलेल्याला चालण्याची लाज वाटली नाही, तर तुला सोसायटीच्या गेटवरच्या काकांची कसली वाटते?

पुण्यातच शोधायचं तर सरळ सांगते, मुठेच्या काठाला वास येतो. त्यावर नाक मुरडून फायदा नाही, आपल्याच घरांतलं पाणी आहे ते. तरी कल्याणीनगरच्या बाजूला, सलीम अलींच्या नावाच्या पक्षी अभयारण्यापाशी, मुळा-मुठेचा मातीचा काठ आहे. दिवाळीनंतर तिथं जा. हळदी-कुंकू बदकं बारमाही दिसतात, थंडीत थापटे बदकं येतात, आणि लांब लाल पायांचे शेकाटे त्या गढूळ पाण्यात मजेत किडे टिपत असतात. पाहायला थांबलीस की नाडी आपोआप खाली येते. नदीपात्रातल्या रस्त्यावर मात्र पावसाळ्यात जाऊ नकोस. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या गाड्या काढायची पळापळ होते. आकाश कोरडं असलं तरी वर धरणात काय चाललंय ते आपल्याला दिसत नसतं.

पण मला तुला खरं न्यायचंय ते इथं, वाईला. दिवाळीच्या सुट्टीत येणारच आहेस, तर तुझा बुधवार माझ्याकडे राखून ठेव. गणपती घाटावरून निघायचं आणि कृष्णेच्या वरच्या अंगाला मेणवलीपर्यंत जायचं. तीनेक किलोमीटर जायला, तेवढेच यायला, म्हणजे तुझा दीड तास आरामात भरेल.

घाटावरच्या ढोल्या गणपतीला समोरून सगळेच नमस्कार करतात. तू आधी देवळाच्या मागे जा. सरदार रास्त्यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती ठेवली, म्हणजे पुराचं पाणी आलं की ते दोन्ही बाजूंना फाटून जावं. इतक्या वर्षांत कृष्णेनं किती वेळा पायऱ्या गिळल्या असतील, देऊळ जागेवर आहे. इथं दहा मिनिटं गेली तरी चालतील. घाटावर बायका धुणं धूत असतील, कुणीतरी “कुणाकडं आलीस?” विचारेल. माझं नाव सांग, पुढचं त्या सांभाळतील.

पायऱ्यांवर पाण्यालगत जाऊ नकोस. पावसाळ्यानंतर खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि तुझे ते जाड तळव्याचे महागडे बूट त्यावर सटकतात. मुळात ते बूट आणूच नकोस. उंच, मऊ तळव्याचे बूट डांबरावर झोकात पळतात, पण बांधावर घोटा मुरगळायला तेवढंच निमित्त पुरतं. जुना, झिजलेला पण पकड असलेला जोड घाल. शेताकडेची काळी माती बुटांना चिकटते, त्यामुळे पांढरा असेल तर आईला दाखवू नकोस.

अख्खी वाट नदीला चिकटून नाही, हे आधीच सांगते. मध्ये शेतं लागतात. हळद असते, ऊस असतो. बांधावर कुणी दिसलं तर विचारून पुढं जायचं, नाहीतर मुकाट्यानं डांबरी रस्ता धरायचा. उंच उसातून जाणारी पायवाट कितीही जवळची वाटली तरी एकटीनं घ्यायची नाही. एक तर उसात समोरचं काही दिसत नाही. दुसरं, घोणस गवतात पडून असते आणि आपलं पाऊल तिच्यावर पडेपर्यंत ती हलत नाही. पूर्ण लांबीची पँट आणि उजेड, या दोन गोष्टी सोडू नकोस. सूर्य उगवून अर्धा तास झाल्यावरच निघायचं. तुझं पहाटे साडेचारचं वेड धावण्याच्या दिवसांसाठी ठेव.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्याच्या मागे नदीला कवेत घेणारा अर्धगोल घाट. वाडा बघायला तू पुन्हा ये, त्याला अर्धा दिवस लागतो. बुधवारी फक्त घाटावरची घंटा बघ. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा लूट म्हणून इकडे आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या. त्यातली ही एक. हिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ साल आहे, आणि ती महादेवाच्या देवळापाशी लटकतेय. मला हे फार आवडतं. कुणी ती वितळवली नाही, चित्रही घासून काढलं नाही.

परत फिरायचं ते घड्याळाच्या मिनिटांवर, किलोमीटरवर नाही. पंचेचाळीस मिनिटं झाली की जिथं असशील तिथून मागं वळायचं, मेणवली आली असो वा नसो. किलोमीटर मोजायला लागलीस की तू ‘अजून एवढंच राहिलंय’ म्हणत वेग वाढवणार. ते मनगटावरचं यंत्र खिशात टाक, फक्त वेळ बघायला काढ. वेग कसा कळेल? माझ्याशी अखंड बोलता आलं पाहिजे, वाक्य मध्ये न तोडता. तुझी बडबड बघता हे अवघड नाही.

आता जरा दार लावून बोलते.

निघण्यापूर्वी जाऊन ये, पण वाटेत लघवी लागेल म्हणून पाणी टाळू नकोस. नदीकाठी बायकांसाठी सोय नसते, म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणी तासन् तास पाणी पीत नाहीत आणि मग लघवीची जळजळ घेऊन बसतात. वाटेत देऊळ असलेलं गाव येतं का ते आधी बघून ठेवायचं, आणि लाज न बाळगता एखाद्या घरी विचारायचं. गावात बाईला बाई नाही म्हणत नाही.

दुसरं. बाळंतपणानंतर धावताना थेंब सुटतात असं तू मागे हळूच म्हणाली होतीस आणि विषय बदललास. मी विसरले नाही. काळ्या पँट घालून ते झाकण्यात अर्थ नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात, त्यांचे व्यायाम असतात, ते शिकवणारे फिजिओ असतात, आणि बऱ्याच जणींना फरक पडतो. चालतानाही होतंय का, की फक्त पळताना, याकडे बुधवारी लक्ष दे आणि ते जसंच्या तसं डॉक्टरांना सांग.

तिसरं, ती नडगी. सगळी नडगी दुखत असेल आणि चालता चालता मोकळी होत असेल, तर बहुधा थकवा. पण एका बोटानं दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, चालून वाढत असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तेव्हा धावणं बंद आणि थेट हाडांचे डॉक्टर. तुझ्या धावणाऱ्यांच्या मंडळात कुणी “पळून पळून जिरवायचं” म्हणालं तर त्याला माझा नंबर दे. घाटाच्या पायऱ्या उतरताना तू एका पायावर अंग टाकतेस का, ते मी मागून बघणार आहे. तुला स्वतःला ते कळत नसतं.

पाळीच्या दिवसांत धावण्याचा बेत आणि चालण्याचा बेत यांची अदलाबदल केलीस तर सरावाचा तक्ता फाटत नाही. आणि हिमोग्लोबिन तपासून घे, दिवाळीच्या आधीच. लांब पल्ल्याला धावणाऱ्या कितीतरी बायका लोह कमी असताना ‘माझी जिद्द कमी पडतेय’ म्हणून स्वतःलाच बोल लावत बसतात.

एकटीनं गेलीस तर फोनवर तुझं ठिकाण मला दिसत राहू दे, कानात दोन्ही बाजूंनी गाणी नकोत, आणि कुत्री अंगावर आली तर पळायचं नाही, उभं राहायचं. पळण्याची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. कुणी माणूस नको तेवढा जवळून चालत असेल तर शिष्टाचार विसरायचा आणि सरळ लोक असतील तिकडे वळायचं. उद्धट दिसलीस तर दिसलीस.

चालायचा दिवस म्हणून कमी खायचं, हे तुझं गणित मात्र मोडून टाक. रविवारी रिकामं झालेलं शरीर या दोन-तीन दिवसांतच भरून घेत असतं. इथं परत आलीस की भाकरी, पिठलं, वर दही मिळेल. चकल्या नंतर. आणि माझ्या सासूबाई विचारतीलच, “एवढं चालायचंच होतं तर शेतावर डबा का नाही नेलास?” तर हसून हो म्हण. पुढच्या वेळी त्या खरंच देतील, आणि आपण नेऊ. वजन घेऊन चालण्याबद्दल तुझ्या तक्त्यात काय म्हटलंय ते तेवढं बघून ठेव.

गुरुवारी सकाळी पाय जड वाटले तर फोन कर. हलके वाटले तरी कर. पण सहाच्या आधी नको.