‘रक्षण’ या क्रियापदाचा अर्थ : ऑक्सिडीकरणरोधकांच्या परिभाषेविषयी एक टिपण

येलहंका येथील कन्नड माध्यमाचा विद्यार्थी रसायनशास्त्रात ‘उत्कर्षण’ आणि ‘अपकर्षण’ हे शब्द शिकतो. त्याच क्रियांना मराठीत ‘ऑक्सिडीकरण’ व ‘क्षपण’, हिंदीत ‘उपचयन’ व ‘अपचयन’, तर बंगालीत ‘जारण’ व ‘विजारण’ म्हणतात. रासायनिक व्यवहार एकच; परंतु प्रत्येक शब्दाचे पूर्वसंस्कार निराळे. वनस्पतींतील ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये जड धातूंपासून पेशींतील जनुकीय द्रव्याचे रक्षण करतात, असे आपण मराठीत लिहितो. त्या विधानातील ‘रक्षण’ म्हणजे नेमके काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

कन्नडमधील ‘उत्कर्षण-निरोधक’ हा शब्द मराठी कानाला उत्कर्षाच्या आड येणारा वाटतो. बंगाली ‘जारण’ अधिक उद्बोधक आहे. हा शब्द रसशास्त्रातला. शिसे, म्हणजे त्या शास्त्रातील ‘नाग’, वितळवून त्यात वनस्पतींची चूर्णे घालीत घोटणे, या संस्कारास जारण म्हणतात. भस्मीकरण ते मारण. प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनाच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध झाला, तो याच परंपरेचा शोध घेणारा. मराठी लोकव्यवहारात मात्र ‘जारणमारण’ मंत्रतंत्राकडे वळले.

याच कलकत्त्यात, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, अर्चना शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९० साली प्रसिद्ध झाला. उंदरांना आधी आवळ्याचा अर्क देऊन मग शिशाचे व ॲल्युमिनियमचे क्षार दिले असता अस्थिमज्जेच्या पेशींतील गुणसूत्रांची मोडतोड कमी आढळली. तुल्य मात्रेतील नुसत्या ॲस्कॉर्बिक आम्लापेक्षा फळाचा अर्क अधिक गुणकारी ठरला. निष्कर्ष महत्त्वाचा खरा. तथापि तो उंदरांविषयीचा, आणि अर्क आधी दिल्याविषयीचा आहे.

आता ‘रक्षण’ या शब्दाची फोड करू. शिसे प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटते व पेशीतील ग्लुटाथायोन क्षीण करते. त्यामुळे ऑक्सिजनची क्रियाशील रूपे अनावर होऊन डीएनएवर आघात करतात. शिवाय त्याच्या दुरुस्तीतही शिसे अडथळा आणते. वनस्पतिजन्य द्रव्य ही रूपे निष्प्रभ करू शकेल, धातूला बांधू शकेल किंवा दुरुस्तीस साहाय्य करू शकेल. ही तीन भिन्न कार्ये आहेत. त्यांतील एक सिद्ध झाल्याने उरलेली दोन सिद्ध होत नाहीत. शिवाय ‘रोधक’ ही द्रव्याची जात नव्हे, प्रसंगपरत्वे येणारी भूमिका होय. लोह वा तांबे यांच्या सान्निध्यात ॲस्कॉर्बिक आम्ल ऑक्सिडीकरणास चालनाही देते.

मराठी वाक्यात हा विवेक नाहीसा होतो, तो क्रियापदापाशी. ‘आवळा शिशाचे विष उतरवतो’ असे म्हणताच सापाचे विष आणि भुताची बाधा उतरवणारी सारी भाषा जागी होते. जारणमारणाची छाया विज्ञानलेखनावर पडते. वस्तुतः शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते. घराच्या जुन्या रंगातून ते मुलाच्या पोटात जात असेल, तर मोरावळ्याच्या भरवशावर रंग तसाच ठेवणे ही त्या वाक्याची खरी किंमत ठरेल. शिशाच्या विषबाधेविषयी फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळुरात आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्या विचाराचा भर प्रतिबंध व उपचार यांवर होता. २००० साली देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबली, तेव्हा विषाचा एक मोठा उगमच बंद झाला. हेही रक्षणच, किंबहुना आधीचे रक्षण.

तात्पर्य, ‘अँटिऑक्सिडंट’ला कोणता प्रतिशब्द द्यावा, हा वाद दुय्यम आहे. ‘ऑक्सिडीकरणरोधक’ हा शब्द पुरेसा स्पष्ट आहे. अनुवादकाने जपावयाचे ते वाक्य : कोणत्या प्राण्यात, किती मात्रेत, धातूच्या आधी की नंतर, आणि रोखले, बांधले की दुरुस्त केले. एवढे सांगितल्यावर ‘रक्षण’ हा शब्द अवश्य वापरावा, त्याआधी नव्हे.