मनातलं लेखकाला कसं कळतं?

प्रश्न : खऱ्या घटनांवरचे काही लेख थेट कादंबरीसारखे वाटतात. त्यांत प्रसंग असतात, संवाद असतात, माणसाच्या मनात त्या क्षणी काय आलं तेही असतं. ही पद्धत १९६० नंतर अमेरिकेत टॉम वुल्फ, ट्रूमन कपोटी वगैरेंनी शोधून काढली, हे खरं का? आणि दुसऱ्याच्या मनातलं लिहायचं म्हणजे ते रचलेलंच नाही का?

उत्तर : तुमची दुसरी शंका अधिक मोलाची आहे, पण तिच्याकडे जायला पहिलीवरूनच वाट आहे.

नोव्हेंबर १७०३ मध्ये दक्षिण इंग्लंडला भयंकर वादळाने झोडपलं. जहाजं बुडाली, घरं कोसळली. डॅनिएल डेफो याने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांना विनंती केली की, तुम्ही काय पाहिलंत ते मला लिहून कळवा. आलेल्या पत्रांवरून त्याने ‘द स्टॉर्म’ हे पुस्तक तयार केलं, ते १७०४ मध्ये निघालं. त्याचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ आला १७१९ मध्ये. म्हणजे हा गृहस्थ आधी वार्ताहर होता, कादंबरीकार नंतर झाला. पत्रकारांनी कादंबरीचं तंत्र उचललं असं सरसकट म्हणतात, पण ही देवघेव पहिल्यापासून दोन्ही बाजूंनी चालत आली आहे.

मग बातमी कोरडी कधी झाली? मुख्यतः एकोणिसाव्या शतकात. तारेने बातमी पाठवायची तर शब्दागणिक पैसे पडत. शिवाय वृत्तसंस्था एकच मजकूर वेगवेगळ्या राजकीय मतांच्या पत्रांना विकत, त्यामुळे तो कुणालाच खटकून चालत नसे. कोण, काय, कुठे, केव्हा एवढंच उरलं. ही शिस्त उपयोगाची आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. मात्र तिच्यात मेलेली माणसं आकड्यात जमा होतात.

आकड्यातून माणूस परत कसा काढायचा, हे जॉन हर्सी याने दाखवलं. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला. मृतांची संख्या, जळालेलं क्षेत्रफळ सगळं छापून झालं होतं. हर्सी १९४६ मध्ये जपानला निघाला, तेव्हा वाटेत आजारी पडला आणि थॉर्नटन वाइल्डरची एक कादंबरी त्याच्या हाती आली. तीत पूल कोसळून पाच जण मरतात आणि त्या पाचांची आयुष्यं उलगडत जातात. हर्सीला आपल्या लेखाची घडण तिथे सापडली. त्याने बचावलेली सहा माणसं निवडली : दोन डॉक्टर, दोन धर्मगुरू, एक कारकून तरुणी आणि एक विधवा शिवणकाम करणारी आई. सकाळी सव्वाआठला त्यांतलं प्रत्येक जण काय करत होतं, तिथून त्याने सुरुवात केली. ‘द न्यू यॉर्कर’ने ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक या एका लेखाला दिला. त्यात संताप नाही, विशेषणांची आतषबाजी नाही. इतका संयम फार थोड्यांना जमला आहे.

आता तुमची दुसरी शंका. हर्सीला त्या आईच्या मनातलं कसं कळलं? त्याने तिला विचारलं. तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात, आधी काय दिसलं, मनात काय आलं, हे दुभाष्यामार्फत विचारत राहिला. मांडणी कादंबरीची, पण मजकूर चौकशीतून आलेला. पुढे १९८० मध्ये एका दीर्घ लेखात त्याने बजावून सांगितलं की पत्रकाराने काहीही रचू नये.

अमेरिकेबाहेरही हे काम चाललं होतं. अर्जेंटिनात रोदोल्फो वॉल्श हा रहस्यकथाकार होता. जून १९५६ मध्ये सरकारने बेकायदा गोळ्या घातलेल्यांपैकी एक जण जिवंत आहे, असं त्याच्या कानावर आलं. त्याने वाचलेल्यांना शोधून काढलं आणि १९५७ मध्ये ‘ओपेरासिओन मासाक्रे’ लिहिलं. कपोटीचं ‘इन कोल्ड ब्लड’ त्यानंतर नऊ वर्षांनी पुस्तकरूपात आलं. वुल्फचं श्रेय वेगळं. १९७३ च्या संकलनातून त्याने या लेखनाचा झेंडा उंचावला, चर्चा घडवली. आपल्याकडे अनिल अवचटांनी हमाल, निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायका यांच्यावर लिहिलं ते याच जातीचं, आणि आपण कुणाला काय विचारलं तेही ते लेखातच सांगतात.

रचण्याचा मोह मात्र खरा आहे. कपोटीच्या पुस्तकातला स्मशानातला शेवटचा प्रसंग घडलाच नव्हता, हे नंतर उघड झालं. म्हणून असा लेख वाचताना एक गोष्ट तपासावी : ज्याच्या मनातलं लिहिलं आहे, तो माणूस सांगायला हयात होता का? हर्सीची सहाही माणसं जिवंत होती. कपोटीने ज्या कुटुंबाचा शेवटचा दिवस रंगवला, त्यातली त्या रात्री घरात असलेली चारही माणसं मारली गेली होती. त्यांचं बोलणं, वागणं इतरांकडून कळू शकतं. त्यांच्या मनातलं जिथे ठामपणे लिहिलेलं दिसेल, तिथे तुमची शंका रास्त आहे.