अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन : कुमारी व रक्तसाक्षी

२५ नोव्हेंबर हा अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनचा स्मरणदिन. कॅथरिन हे नाव आपल्या धर्मग्रामांत परिचयाचे आहे. मात्र पुष्कळांना त्या नावाने सिएनाची संत कॅथरिन आठवते. ती निराळी. ती इटलीची, चौदाव्या शतकातली, तिचा सण २९ एप्रिलला. आज आपण जिच्याविषयी बोलणार आहोत ती तिच्याहून हजार वर्षांनी जुनी, इजिप्तमधली.

परंपरा अशी सांगते : कॅथरिन ही अलेक्झांड्रिया शहरातील एका उच्चकुलीन घराण्यातली, वयाने जेमतेम अठरा वर्षांची, ग्रंथांत रमणारी मुलगी. ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना ती आपण होऊन सम्राटापुढे गेली आणि मूर्तींना बळी देण्याची सक्ती चुकीची आहे, असे तिने त्याला तोंडावर सांगितले. सम्राटाने पन्नास तत्त्वज्ञ बोलावले. वादात तेच निरुत्तर झाले आणि ख्रिस्ताकडे वळले. मग सम्राटाने तिला लग्नाची मागणी घातली. तिने नकार दिला. खिळे लावलेल्या चक्रावर तिचा छळ करायचे ठरले, पण चक्रच मोडून पडले. शेवटी तलवारीने तिचा शिरच्छेद झाला. चित्रांत तिच्याजवळ मोडके चक्र दिसते ते यामुळेच. विद्यार्थी आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक तिला आपली आश्रयदाती मानतात.

हे सारे घडले असे म्हणतात ते चौथ्या शतकाच्या प्रारंभी. परंतु तिचे वृत्तांत आपल्या हाती आहेत ते त्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेले. १९६९ साली ख्रिस्तसभेने उपासना-दिनदर्शिका सुधारली, तेव्हा याच कारणास्तव तिचे नाव सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढण्यात आले. अनेक भाविकांचे मन तेव्हा दुखावले. पुढे २००२ साली ते नाव पुन्हा आले, ऐच्छिक स्मरण म्हणून. म्हणजे २५ नोव्हेंबरला धर्मगुरू तिच्या स्मरणाची मिस्सा अर्पण करू शकतात. तसे बंधन नाही.

इथे आपल्या ठाण्याचीच आठवण होते. एप्रिल १३२१ मध्ये थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्री या चार फ्रान्सिस्कनांनी ठाण्यात ख्रिस्तासाठी प्राण दिले. त्यांनाही अधिकाऱ्यांपुढे उभे करून त्यांच्या श्रद्धेविषयी प्रश्न विचारले गेले होते. पण त्यांचा सोबती, डोमिनिकन जॉर्डन, याने त्यांना सोपाऱ्याला पुरले आणि पत्रे लिहून ती वार्ता कळवली. पुढे थोड्याच वर्षांत ओडोरिक हा फ्रान्सिस्कन ठाण्याला आला आणि त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेला. कॅथरिनला असा जॉर्डन लाभला नाही.

तरी एक धागा हाती लागतो. इतिहासकार युसेबियस हा त्याच काळातला. अलेक्झांड्रियातील एका धनवान, कुलीन आणि सुविद्य ख्रिस्ती स्त्रीची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. मॅक्सिमिन या सत्ताधीशाची वासना तिने धुडकावली. तो तिला मारू शकला नाही. तिची मालमत्ता जप्त करून त्याने तिला हद्दपार केले. युसेबियस तिचे नाव देत नाही. कॅथरिनच्या कथेचे बीज इथे असावे असे काही अभ्यासकांना वाटते. ते सिद्ध करता येणार नाही. पण अशा स्त्रिया त्या शहरात होत्या, एवढे मात्र निश्चित.

'कुमारी' या शब्दाचाही आपल्याकडे चुकीचा अर्थ लावला जातो. मुलींना या संतांची गोष्ट सांगताना आपण नकळत असे सुचवतो, की शरीराला डाग लागू न देणे हेच त्यांचे मोठेपण. मग जिच्यावर अत्याचार झाला ती मुलगी मनात काय समजेल? इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हा अनेक ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. संत ऑगस्टिनने त्यांच्या बाजूने स्पष्ट लिहिले, की पावित्र्य हा मनाच्या संकल्पाचा गुण आहे. दुसऱ्याच्या जबरदस्तीने तो नाहीसा होत नाही. कॅथरिनने आपले जीवन स्वेच्छेने प्रभूला दिले होते, म्हणून सम्राटालाही ते मागून मिळाले नाही. योगायोग असा, की २५ नोव्हेंबर हाच दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९९९ मध्ये स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा दिवस म्हणून जाहीर केला.

याच तारखेमुळे कॅथरिन आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि सण तिचा म्हणून विजयाचे श्रेय तिला दिले. ओल्ड गोव्याचे सी कॅथेड्रल तिच्याच नावाने आहे. पोर्तुगीज अमदानीत ठाणे आणि साष्टीची देवळे गोव्याच्या महागुरुस्वामींच्या अधिकाराखाली होती. म्हणजे कॅथरिनचे कॅथेड्रल हे आपल्याही वाडवडिलांचे मुख्य देऊळ होते.

त्या विजयाविषयी मात्र आपण डोळे मिटून राहू नये. शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. स्वतः अल्बुकर्कने राजाला लिहिलेल्या पत्रात मृतांचा आकडा ६००० दिला आहे. जिने हाती शस्त्र न धरता केवळ शब्दांनी सम्राटाला उत्तर दिले, तिच्या नावावर तलवारीचा विजय मांडला गेला. हे आम्हाला तरी तिच्या गौरवाचे वाटत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन याच कॅथेड्रलमध्ये होते. रांगेत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या भाविकांपैकी किती जणांनी मुख्य वेदीकडे निरखून पाहिले असेल? एरवीही आपले यात्रेकरू करमळीला उतरतात, बॉम जेझूसला वेळ देतात, रस्ता ओलांडून सी कॅथेड्रलची मोठी घंटा पाहतात आणि बसकडे वळतात. पुढच्या खेपेला वेदीजवळ थोडे थांबावे आणि मुले बरोबर असतील तर त्यांना पुढे उभे करावे. तिथल्या सोनेरी मुलाम्याच्या पटलांवर १५१० ची लढाई नाही. कॅथरिनच्या जीवनातील आणि हौतात्म्याचे प्रसंग आहेत.