उतारा सर्वांचा, जोखीमही सर्वांची



संस्थेचा कारभार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ऑफिस, संचालक मंडळ आणि वार्षिक सभा येते. गुणवत्ता सांभाळणे हे केमिस्टचे काम आणि जोखीम सांभाळणे हे कार्यकारी संचालकांचे काम, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रस्तुत लेखात हा समज थोडा तपासून पाहू. सहकारी साखर कारखाना ही अशी संस्था आहे की जिचा कच्चा माल मालकाच्याच शेतात पिकतो. त्यामुळे तिची गुणवत्ता आणि तिची जोखीम या दोन्ही गोष्टी बांधावरच सुरू होतात.

साखर कारखान्यात तयार होत नाही, ती उसात तयार होते. कारखाना ती फक्त बाहेर काढतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

उताऱ्याचा हिशेब

१०० किलो ऊस गाळून जितके किलो साखर मिळते, तो आपला साखर उतारा. २००९-१० च्या हंगामापासून उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, या उताऱ्याला बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनास ३,५५० रुपये दर ठरला. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का वाढीला टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा, आणि उतारा घटला तर त्याच प्रमाणात कमी. ९.५ टक्क्यांच्या खाली मात्र आणखी कपात नाही. तोडणी-वाहतुकीचा खर्च यातूनच वजा होतो, हे आपण जाणताच.

३४ रुपये ६० पैसे ही रक्कम ऐकायला किरकोळ वाटते. पण हंगामात ५ लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या सभासदांना ०.१ टक्का उतारा म्हणजे १ कोटी ७३ लाख रुपये होतात.

आता खरी मेख पाहा. दर ठरतो तो साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. वजनकाट्यावर प्रत्येकाचे वजन कळते, प्रत्येकाची गोडी कळत नाही. समजा, १०० टन उसापैकी ९० टन ताजा व पक्व आहे आणि त्याचा उतारा ११.५ पडतो. उरलेला १० टन शिळा किंवा कोवळा आहे, त्याचा उतारा ९ पडतो. सरासरी आली ११.२५. म्हणजे पाव टक्का गेला. हंगामभर हेच प्रमाण राहिले तर प्रत्येक टनामागे ८६ रुपये ५० पैसे कमी. १०० टनांवर नुकसान ८,६५० रुपये. त्यातले खराब ऊस घालणाऱ्याच्या वाट्याला आले फक्त ८६५ रुपये. बाकीचे ७,७८५ रुपये ज्यांनी चांगला ऊस घातला त्यांनी भरले. एक नासका आंबा आढी नासवतो तो असा.

गोडी कोठे गळते?

(१) नोंदीत: लवकर तोड मिळावी म्हणून लागणीची तारीख मागे ओढून सांगितली जाते. मग कोवळा ऊस पक्व ठरतो आणि खरा पक्व ऊस फडात थांबतो. थांबलेल्या उसाला तुरा येतो, दशी पडते. दोन्हीकडून उतारा गेला.

(२) फडात: उशिरा दिलेला युरिया आणि तोडीच्या तोंडावर दिलेले पाणी यांमुळे पक्वता लांबते. वजन वाढल्यासारखे दिसते, पण रसात साखर कमी आणि पाणी जास्त.

(३) कोयत्याखाली: सर्वांत जास्त साखर बुडख्याकडील कांड्यांत असते. वर बुडखा ठेवून तोडले तर गोड भाग शेतात राहतो. उलट वाढे आणि शेंड्याची कोवळी कांडी मोळीत गेली तर तिच्यात साखर नाममात्र. पाचट आणि माती यांत तर साखर मुळीच नाही, पण त्या रस शोषून घेतात आणि तो बगॅस व मळीच्या वाटेने निघून जातो.

(४) वाटेवर: ऊस तुटला तरी त्याच्यातील क्रिया थांबत नाहीत. साखरेचे विघटन सुरू होते. जंतू वाढले की रसात डेक्सट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो आणि पुढे साखरेचे दाणे नीट धरत नाहीत. डिसेंबरच्या थंडीत हे सावकाश घडते, मार्च-एप्रिलच्या उन्हात झपाट्याने. जळालेल्या उसात तर फारच लवकर. म्हणून तोडीपासून २४ तासांत ऊस गव्हाणीत पडावा हा नियम. शिळ्या उसाचे वजनही घटते, आणि ते नुकसान मात्र थेट मालकाचे.

जोखीम म्हणजे काय?

जोखीम म्हणजे संकट नव्हे. संकट येण्याची शक्यता आणि आले तर होणारे नुकसान, या दोहोंचा मिळून जो अंदाज, ती जोखीम. म्हणून प्रत्येक बाबतीत दोन प्रश्न विचारावेत. हे किती वेळा घडते? घडले तर किती बुडते? त्यानंतर चार वाटा असतात.

टाळणे: काणी किंवा गवताळ वाढ दिसलेल्या फडातले बेणे घ्यायचेच नाही.

कमी करणे: फडावर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांची तक्रार ऊस वाळण्याआधी लेखी द्यायची.

वाटून घेणे: विमा ही एक रीत झाली. सारे क्षेत्र एकाच जातीखाली न आणणे ही दुसरी. याचा धडा उत्तर प्रदेशाने घेतला आहे. तेथे २००९ साली आलेल्या को ०२३८ या जातीने उतारा आणि उत्पादन दोन्ही वाढवले. शेतकरी खूष, कारखानेही खूष. बहुतेक क्षेत्र तिनेच व्यापले. पुढे लाल कूज रोगाला ती बळी पडू लागली तेव्हा मोठ्या भागातील ऊस एकदम धोक्यात आला. जात वाईट नव्हती, सारी भिस्त एकीवर ठेवणे वाईट होते. आपल्याकडे को ८६०३२ बद्दल हाच विचार करायला हवा.

सोसणे: हंगामात पडणारा अवकाळी पाऊस आपल्या हाती नाही. पण त्यानंतर कोणते रस्ते चालू राहतील आणि कोणत्या फडात वाहन जाईल याची यादी आधी करणे आपल्या हाती आहे.

कारखाना बंद पडणे हेही असेच. मिल बिघडणे ही मोठी जोखीम असे सर्वांना वाटते. पण ऊस उभा असेल तर आठ-दहा तास मिल थांबल्याने उतारा जात नाही. उतारा जातो तो मिल थांबलेली असताना तोड चालूच राहिल्याने. म्हणून बंदचा निरोप त्याच तासात गट ऑफिसला आणि तेथून मुकादमापर्यंत पोहोचलाच पाहिजे.

ठरवा, करा, तपासा, सुधारा

१९५० साली डॉ. डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी जपानच्या कारखानदारांना गुणवत्तेवर व्याख्याने दिली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, शेवटी माल तपासून गुणवत्ता येत नाही, ती प्रत्येक पायरीवर घडवावी लागते. जपानमध्ये ते इतके मानले गेले की १९५१ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झाले. हेच आपल्या कामाला लावू.

ठरवा: तोडीचा क्रम लागणीची तारीख, जात आणि ब्रिक्स यांवरच ठरेल. ब्रिक्स घेताना शेंडा आणि बुडखा दोन्ही पाहायचे. दोन्ही आकडे जवळ आले म्हणजे ऊस पक्व.

करा: त्या क्रमानेच चिठ्ठी निघेल. वशिल्याने निघालेली प्रत्येक चिठ्ठी म्हणजे दुसऱ्या सभासदाच्या खिशातून काढलेले पैसे, मग ती कोणाच्याही शब्दावर निघो.

तपासा: चिठ्ठीवर तोडीची तारीख आणि वेळ लिहिली पाहिजे. काट्यावरची वेळ आपोआप मिळते. दोहोंतला फरक गटवार काढला की गोडी कोठे गळते हे कळते.

सुधारा: फरक वाढला की प्रथम कारण शोधावे. वाहन कमी पडले, रस्ता खराब होता, की टोळीने एकदम दोन दिवसांची तोड केली? नुसते माणसाला बोलून कारण जात नाही.

सभासदांनी करावयाचे

१. लागणीची खरी तारीख नोंदवा आणि नोंदीची पावती जपून ठेवा.
२. तोडीच्या आधी दोन आठवडे पाणी तोडा.
३. तोडीच्या दिवशी घरातील एक जाणते माणूस फडावर हजर ठेवा. जमिनीलगत तोड, वाढे वेगळे, मोळीत पाचट नाही, एवढे तीनच मुद्दे पाहावेत.
४. वाहन मिळण्याची खात्री झाल्याशिवाय टोळीला पुढची तोड करू देऊ नका.
५. चिठ्ठीवर वेळ लिहिली नसेल तर चिटबॉयकडून लिहून घ्या. तो आपला हक्क आहे.
६. क्रम डावलून कोणाची तोड झालेली दिसली तर गट ऑफिसात लेखी द्या. तोंडी कुजबुजीने काही होत नाही.

वार्षिक सभेत दराबद्दल आपण जोरात बोलतो, आणि बोलायलाच पाहिजे. पण सभेत बोलायची वेळ येते तेव्हा उतारा ठरून गेलेला असतो. तो ठरतो फडात, कोयता चालू असताना. त्या दिवशी तेथे हजर राहा, एवढी विनंती.

— ऊस विकास अधिकारी