वर्गमित्राचे यश : नशीब की अभ्यास?

स्नेहसंमेलनातील पाहुणे मराठीत बोलोत वा कन्नडमध्ये, एक वाक्य हमखास ऐकू येते : "ते मोठे उद्योगपती ना, माझेच वर्गमित्र! हा पुढे जाणार, हे मी तेव्हाच ओळखले होते." खरोखर तेव्हाच ओळखले होते, की यश दिसल्यावर? वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने याचा विचार हिशेबी दृष्टीने केला पाहिजे.

या दृष्टीने अमेरिकन उद्योगपती वॉरन बफे यांचे कोलंबिया विद्यापीठातील १९८४ चे भाषण अभ्यासण्याजोगे आहे. बेंजामिन ग्रॅहॅम व डेव्हिड डॉड यांच्या 'सिक्युरिटी ॲनॅलिसिस' (१९३४) या ग्रंथाला पन्नास वर्षे झाली, हे त्याचे निमित्त. बफे यांनी प्रथम विरुद्ध बाजू मांडली. समजा, साडेबावीस कोटी लोक रोज नाणेफेकीवर पैज लावतात आणि हरेल तो बाद होतो. वीस दिवसांनंतरही सुमारे २१५ जण उरतीलच! ते स्वतःला ज्ञानी समजतील. पण हा केवळ योगायोग. मग गुंतवणुकीतील यशही तसेच नसेल कशावरून?

त्यांचे उत्तर असे, की विजेते एकाच गावचे निघाले तर त्या गावात कारण शोधावे. त्यांनी सांगितलेले यशस्वी गुंतवणूकदार एकाच विचाराचे होते : शेअर खऱ्या मूल्याहून बऱ्याच कमी किमतीत मिळेल तेव्हाच घ्यावा.

त्यांपैकी एक बिल रुएन. १९५१ साली ग्रॅहॅम यांच्या वर्गात दोघांची ओळख झाली. १९६९ मध्ये बफे यांनी आपली गुंतवणूक-भागीदारी बंद करावयाचे ठरविले, तेव्हा भागीदारांना त्यांनी रुएन यांचे नाव सुचविले. १९७० मध्ये रुएन यांचा सिकोया फंड निघाला. आरंभीची चार वर्षे तो बाजाराच्या मागेच राहिला. परंतु १९८४ च्या आरंभापर्यंत त्याची एकूण वाढ ७७५ टक्के, तर बाजाराच्या निर्देशांकाची २७० टक्के झाली.

एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे खरे. तरी येथे तारखांचा क्रम महत्त्वाचा आहे. विश्वास आधी, निकाल नंतर. आणि विश्वासाचा आधार विचारपद्धती. रोजकीर्दीत नोंद व्यवहाराच्या तारखेनेच व्हावी लागते. नफा दिसल्यावर मागील तारखेने घातलेली नोंद कोणताही हिशेबतपासनीस मान्य करणार नाही. मित्राच्या गुणांची पारखही याच नियमाने व्हावी. आज शेजारच्या बाकावर बसणारा कसा विचार करतो, हे आजच पाहावे.